राखीव

टोलेडोच्या जुन्या जिममध्ये मी घड्याळ चालवतो,
मंगळवारी आणि शुक्रवारी, तासाला चौदा डॉलर
आणि मध्यंतरात एक हॉटडॉग, तो मी वेन्डेलला देतो.
वेन्डेल पिम शेजारी आकडे लिहितो.
चाळीस वर्षं काचेच्या कारखान्यात काढलेला माणूस,
आरपार दिसल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही.

आमचा वाद नोव्हेंबरपासून एकच:
लव्हेल टिबेट्स दुसऱ्या कुठल्या संघात
पहिल्या पाचांत उतरेल का?

"डेटनमध्ये उतरेल," मी म्हणतो.
"डेटन!" वेन्डेल पेन्सिल कानावर ठेवतो.
वासरांतल्या लंगड्या गाईची म्हण मीच त्याला समजावली होती,
आता माझ्यावरच उलटवतो:
"आली बघ तुझी गाय."

अकरा मिनिटं, सात गुण, चार रिबाउंड.
मी तिपटीने गुणतो: तेहतीस मिनिटं, एकवीस गुण.
गुणाकार बरोबर असतो
आणि तरी मला लोणचं आठवतं.
फोड झकास लागली म्हणून
वाटीभर कोण खातं?

जानेवारीत बॉइसचा घोटा मुरगळला.
दिवे मालवले, पुकारा झाला,
लव्हेल पहिल्या पाचांत.
दुसऱ्या रांगेत त्याची आई
सिटी बसच्या ड्रायव्हरच्या गणवेशातच उभी राहिली
आणि बसायचं विसरली.

तो वाईट खेळला नाही.
चांगलाही नाही.
दोन फाउल, एक पास थेट ढोलवाल्या पोरांत.
वेन्डेलने माझ्याकडे बघितलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

मग माझ्या लक्षात आलं
पहिली सात मिनिटं तो बाकावरून वाचून काढायचा:
कोण पास देण्याआधी खांदा पाडतो,
कोण डावा गुडघा जपतो,
उत्तरेच्या दाराजवळ कुठली फळी
चेंडूचा टप्पा गिळते.
आज ती पानं कुणी त्याला दिलीच नव्हती.

म्हणजे काय, उतरेल की नाही?
माहीत नाही. डेटनमध्येही बाक असेलच.

मिरजेच्या शाळेत मी कबड्डीचा राखीव गडी.
पंधरा सामने सगळ्यांच्या चपला सांभाळल्या,
कुणाची एकही हरवली नाही.
माझ्यावरून असा वाद कुणी घातला नाही,
कुठल्याच संघासाठी.

या शुक्रवारी बॉइस परत आला.
सात मिनिटं झाली. लव्हेलने स्वेटशर्ट काढला,
आमच्या टेबलासमोर एक गुडघा टेकून बसला.
"कुणाच्या जागी?" वेन्डेलने नियमाप्रमाणे विचारलं.
"बॉइस."

खेळ थांबेपर्यंत थांबावं लागतं.
तेवढा वेळ तो हातभर अंतरावर,
नाडी बांधलेली असूनही पुन्हा बांधतो,
डोळे मात्र वर, कुणाच्या तरी खांद्यावर.
वेन्डेल गप्प. मी गप्प.
बोट भोंग्यावर.