दोन बोटांचा आस

सिस्टर लिओकादियांनी परिपत्रकात लिहिलं होतं:
शनिवारी पालक शिकवतील, शिक्षक बाकांवर बसतील,
मुलं मागे उभी राहतील, आणि कुणी हसायचं नाही.
शेवटची अट आमच्यासाठी होती.

मागच्या वर्षी कोल्हापूरहून एक तज्ज्ञ आले होते,
बालमनावर बोलले, पडद्यावर बाण दाखवले.
वीज गेली तशी बाणही गेले,
आणि पालक वड्यांची वाट बघत बसून राहिले,
दवाखान्यात नंबर लावून बसतात तसे.

यंदा तज्ज्ञ नव्हते.
एसटीचे वाहक परुळेकर आले, फळ्याकडे पाठ करून
अख्ख्या फेरीचा हिशेब बोटांच्या पेरांवर करून दाखवला.
जुबेदा मुकादम यांनी सांदणाच्या पिठाचं भांडं
एकेकीच्या कानाशी धरलं: "फुगतंय, ऐकू येतंय ना?"
मला नाही आलं.
मान मात्र डोलावली,
माझ्या वर्गात डोलावतात तशी.

मग सांतान कार्डोज.
वेंगुर्ल्याच्या बंदरावरून थेट, पायांना वाळू,
दारातल्या सायबिणीपाशी काढलेली टोपी अजून हातात,
काखेत जाळ्याचं भेंडोळं.
त्याचा ब्रेंडन खिडकीबाहेर बघत होता,
दीपगृहाकडे,
दिवसाउजेडी जिथे बघण्यासारखं काहीच नसतं.

मी ब्रेंडनची गणिताची बाई.
पंचवीसपैकी चार.
पेपर सहीसाठी घरी धाडला, तर सही होऊन आला;
प्रत्येक अक्षर सुटं,
नांगर टाकून उभं केल्यासारखं.

"ह्येका आस म्हणतत," सांतान म्हणाला,
जाळ्याचं एक भोक आमच्यासमोर ताणून.
"बांगड्याक दोन बोटां. सुरमयेक च्यार.
आस ल्हान क्येलास तर सगळाच गावता, पिल्लांसकट.
मगे फुडच्या वर्साक दर्यात काय उरणा नाय."
एवढं बोलून तो लाजला
आणि सुई माझ्या हातात दिली.

मराठीच्या सावंतबाईंनी वहीत टिपून घेतलं:
आस, पुल्लिंगी.
इतकी वर्षं त्या स्त्रीलिंगी शिकवत होत्या.

बांबूची सुई. पहिली गाठ निसटली.
दुसरी बसली, पण नको तिथे.
तिसऱ्या खेपेला सुतानं माझी करंगळीच धरली
आणि नेमकी तेव्हाच इगर्जीची बाराची घंटा झाली.
सिस्टर उठल्या, सांतान उठला, अर्धी शाळा उठली,
ओठ हलू लागले.
त्यांच्या मानाखातर मी हात जोडायला गेले,
तर जाळंही बरोबर आलं.

ब्रेंडन हसला.
हसायचं नाही असं लेखी ठरलेलं असताना,
प्रार्थनेच्या मधोमध,
वर्षभरात पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून.
मग पुटपुटतच पुढे आला,
माझी करंगळी सोडवली.
कुठे चुकलं ते सांगितलं नाही,
फक्त सूत मागे नेलं, माझ्या बोटांसकट,
पहिल्या वळणापर्यंत.

अहवाल मी लिहायचा आहे.
उपस्थिती: पालक एकतीस, शिक्षक नऊ.
अल्पोपाहार: वडे, पुरले नाहीत.
'निष्पत्ती' हा रकाना दोन ओळींचा आहे
आणि सिस्टर रोज विचारतात.

सोमवारी चाचणी झाली.
ब्रेंडनला सात. म्हणजे नापासच.
शेवटच्या गणिताचं उत्तर साफ चुकलेलं;
मी लाल पेनाचं टोपण काढलं,
मग मागे गेले, एकेक पायरी,
पहिल्या वळणापर्यंत.
तिथवर सगळं बरोबर होतं.

तिथे, कागदावर,
दोन बोटं ठेवून बघितली.