जेवढं चाळलं तेवढ्याचे

माल परत आला डरबनहून.
बाराशे टॉवेल, मरून,
पांढऱ्या पट्टीवर रंग फुटलेला,
पान खाऊन हसणाऱ्याच्या कॉलरसारखा.

गाजुलशेठ खुर्ची न ओढताच विचारतात,
"कुठला माग? कुठली पाळी? कुठलं सूत?"
एका श्वासात तीन प्रश्न,
आणि तिन्हींची उत्तरं तीन घरी नांदतात.

ऑर्डरी पुण्याच्या सर्व्हरवर.
सूत कोंड्याल अण्णांच्या एक्सेलमध्ये,
जिचं एक पान पिवळं आहे, का ते अण्णाच जाणे.
मागांवरचे, रंगटाक्यांवरचे सेन्सर
दर मिनिटाला काहीतरी पुटपुटतात
आणि ते क्लाउडमध्ये साठत जातं,
गाठोड्यावर गाठोडं, कुणी न सोडलेलं.

आधी आम्ही सगळं एका जागी ओतायचो.
रात्रभर कॉपी, सकाळी अर्धवट, दुपारी शिळं.
आता काही आणत नाही.
प्रश्नच पाठवते.

इंजिन आमचं नाही, दिसतही नाही.
त्याला तेल नको, फडकं नको,
अक्कलकोट रोडच्या धुळीचं त्याला काही नाही.
कुणीतरी कुठेतरी सांभाळतं,
आपण विचारायचं, आणि त्यानं जेवढं चाळलं
तेवढ्याचे पैसे मोजायचे.
पहिल्या महिन्यात मी हावरटासारखं सगळंच मागितलं.
बिल बघून शेठ म्हणाले,
"येमुलबाई, पीठ चाळताय की गिरणी विकत घेताय?"
तेव्हापासून आधी तारखेचं दार, मग आत पाऊल.

हे शिकवायला आलेला मुलगा
पहिल्याच स्लाईडला म्हणाला होता,
"तुमचा सोलापूरचा ताणाबाणाच समजा, मॅडम."
सोलापुरात येणारा प्रत्येक विक्रेता हेच म्हणतो.
विमावालासुद्धा.

मला आई आठवली.
विड्या मोजताना तेलुगू, भाजीवालीशी कन्नड,
घरमालक नबीलालचाचांशी दखनी,
माझ्या बाईंशी जपून जपून मराठी,
आणि रात्री चुलीपुढे एकाच वाक्यात:
तेल वाढलं, भाडं थांबेल, तुझं गणित कच्चं.
चार घरं फिरून आलेलं एक वाक्य.
तिनं कुणाला आपल्या घरी बोलावलं नव्हतं.

पण जुळवणं सोपं नसतं.
पुण्यात म्हणतात 'लॉट', अण्णा म्हणतात 'गाठ',
माग नुसता आकडा सांगतो, पुढचं शून्य गिळून.
एकाची तारीख दिवसापासून, एकाची महिन्यापासून:
चार मार्च आणि तीन एप्रिल
एकमेकांचे शर्ट घालून फिरत होते.

पहिल्यांदा आल्या शून्य ओळी.
दुसऱ्यांदा चार लाख,
आणि चार लाखांची भीती शून्याहून जास्त वाटली.
मग अण्णांच्या आकड्यामागे चिकटलेली
एक रिकामी जागा सापडली, डोळ्याला न दिसणारी.
ती कापली.

एक ओळ आली.
माग चौदा, रात्रपाळी, कारागीर रियाज बागवान.
शेठ एवढ्यावर उठले असते.
मी त्याच ओळीत टाकीचं तापमान मागवलं:
सूत रंगवलं त्या रात्री, दोन चाळीसला वीज गेलेली,
सत्तावीस मिनिटं टाकी दोन निवत राहिलेली.

मग जनरेटर?
त्याचं घर इंजिनाला माहीत नाही.
ते गेटपाशी, खिळ्याला टांगलेल्या वहीत.
चालत गेले.
मल्कप्पानं बोट ठेवून वाचून दाखवलं, कानडीत,
त्या तारखेला: डिझेल इल्ल. सांगितलं.
खाली सही,
शेपटी उजवीकडे ओढलेली. ओळखीची.

शेठना एक ओळ हवी होती.
मी दोन पाठवल्या.
दुसरी हातानं टाईप केलेली.

इंजिनानं चाळलं अकरा एमबी,
झाले काही पैसे.
मल्कप्पाला चहा पाजला,
तो वेगळा.