परिशिष्ट ज

वकीलबाईंनी आधी विचारलं, मानस म्हणजे मन ना?
नव्हे बाई, म्हटलं, बांधातली दारं.
भरती आली की आपली आपण मिटतात,
ओहोटीला उघडतात.
माझं काम जागं राहायचं
आणि वहीत वेळ लिहायची.

अशा रीतीने मी
याचिकाकर्ता क्रमांक तीन.
पहिला आपोलिनार पिंटो, कोमुनिदादीचा गांवकार,
दुसरी शेवंती तारी, जिची जाळी मानशीच्या तोंडाशी.
समोर सरकार, नगर नियोजन, पंचायत,
आणि एक कंपनी, जिला चोडणात कुणी पाहिलेलं नाही.

निर्णय एका ओळीचा:
भातशेतीची वसाहत.
हरकतींसाठी नोटीस लावली होती म्हणे फळ्यावर.
फळा आतल्या खोलीत,
खोलीची किल्ली सचिवाकडे,
सचिव रजेवर.

पर्वरीला न्यायमूर्तींनी पहिलंच विचारलं,
या तिघांचा जमिनीशी संबंध काय?
एक-चौदाच्या उताऱ्यावर माझं नाव नाही.
तेवीस वर्षं रात्री दोनदा उठतो,
एवढाच संबंध.
बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं,
तिथे ते आणखीच लहान झालं.

जेवणाच्या सुट्टीत भाजी-पाव खाताना त्या म्हणाल्या,
शेत बरं की बंगले बरे, हे कोर्ट ठरवणार नाही.
निर्णय कुठल्या वाटेने आला तेवढं बघेल.
कुणाला विचारलं, काय वाचलं,
काय वाचायचं राहून गेलं.
आपोलिनार पाव ठेवून उठलाच,
मग फेरीचे पैसे कशाला घातले?

मला मात्र पटलं.
माझी दारं तरी काय,
गोड की खारं, विचारत नाहीत पाण्याला.
कुठल्या बाजूने आलास, एवढंच.

पाहणीचा अहवाल मग वाचला गेला.
सकाळी अकरा ते बारा,
जागेवर पायी फिरून पाहिले,
जमीन कोरडी व पडीक.

आणि वहीत त्याच दिवशी, माझ्या वाकड्या अक्षरात:
माघ अमावास्या. भरती अकरा पंचवीस.
कापणी झाली, फळ्या काढल्या, पाणी आत घेतलं.
मांडीभर.
शेवंतीला दोन टोपल्या सुंगटं.

वही प्रमाणित कुणी केली, सरकारी वकिलांनी विचारलं.
न्यायमूर्ती पानं उलटत राहिले,
तेलाचे डाग, एक चिकटलेला डास,
एका पानावर फक्त माझ्या पोरीचं नाव
आणि ती जन्मली ती ओहोटी.
मग चष्मा काढून म्हणाले,
अमावास्येला अकरा वाजता
तुमचे अधिकारी चालले कशावरून?
हसलं कुणी नाही.
फाईल चाळण्याचा आवाज तेवढा
बराच वेळ येत राहिला.

एकोणीस पानांचा निकाल.
शेवटच्या पानावर: निर्णय रद्द.
त्याच खात्याने, याचिकाकर्त्यांना ऐकून,
नव्याने विचार करावा.

म्हणजे जिंकलो? शेवंतीने विचारलं.
हो, बाई म्हणाल्या,
आणि छत्री शोधू लागल्या.
ऊन होतं.
परत तेच टेबल, आपोलिनार पुटपुटला,
तोच माणूस, फक्त आता तो
भरती बघून तारीख घालील.

रायबंदरहून फेरी सुटली तेव्हा
कुणी बोललं नाही.
घरी आलो तर बांधाला खेकड्यांनी भोक पाडलेलं,
मुठीएवढं.
चिखल आणि पेंढा घेऊन रात्रीच उतरलो,
त्याला कुठली तारीख मिळते?

जुनी वही अजून रजिस्ट्रीत आहे,
परिशिष्ट ज, शिक्क्यासकट.
पोरीच्या शाळेची एक उरली होती, तिच्यात लिहितो.
पहिल्या पानावर तिचा पाढा, सातचा, अर्धवट.
त्याखाली:
पौर्णिमा. भरती अकरा दहा. दारं मिटली.
डावीकडून थोडं झिरपतं आहे.
सुनावणी, कळवतील.