किरकोळ

घोरपडी रोव्हर्सची मीटिंग भरते
नौशाद तांबोळीच्या पंक्चरच्या दुकानात, शटर अर्धं ओढून.
विषय क्रमांक तीन:
एलियाझर त्रिभुवन, वय बासष्ट, उजवा गुडघा.
डॉक्टरांनी सांगितलेला आकडा हृषिकेशने वाचला
आणि सगळे एकदम चहा प्यायला लागले.

मी खजिनदार. छत्तीस वर्षं.
शिल्लक अठरा हजार तीनशे दहा,
त्यातले चौदा पोरांच्या बुटांचे.
कुणी माझ्याकडे बघितलं नाही.
बघितलं असतं तर आकडा सांगावा लागला असता.

नौशाद म्हणाला, सत्कार करू.
शाल, श्रीफळ, मैदानावर आजीव मोफत प्रवेश.
आमच्या मैदानाला गेट नाही.
मोफत प्रवेश तिथे शेळ्यांनाही आहे.

हृषिकेश चांगला मुलगा. वाईट बोलत नाही.
म्हणाला, क्लब म्हणजे आज जे धावतात ते.
म्हणाला, एलीसर अठ्ठ्याऐंशीला सोडून गेले ना,
मुंबईच्या बँकेकडून खेळले दोन सीझन?
नोकरी होती, बरोबरच केलं, मीही गेलो असतो.
मग निष्ठेची वही आपण एकट्यानेच का लिहायची?

सेल्वराज उठलाच. तू पाहिलायस त्याला?
कॉर्नरवरून मारलेला बॉल
कुणाच्या डोक्याला न लागता आत,
गोलकीपर अजून हवेत हात शोधतोय!
हृषिकेश तेव्हा जन्मला नव्हता.
न पाहिलेल्या गोलचं देणं
माणूस लागतो का?
हे तिथे कुणी विचारलं नाही.
मलाच सुचलं, रेल्वे फाटकाशी,
स्कूटर बंद करून उभा असताना.
मालगाडी लांबलचक होती.

घरी माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या.
खरं सांगतो, त्याच्या विरुद्ध काही सापडतंय का
हेच बघायला.
सापडली ती ओळ. माझंच अक्षर, निळी शाई:
दोन फेब्रुवारी एक्क्याण्णव.
लिंबं व मीठ, सहा रुपये.
पंप दुरुस्ती, बारा.
इंजेक्शन, ए. त्रिभुवन, पंचेचाळीस.
सदर: किरकोळ.

हाफटाइम होता. चिंचेखाली त्याला आडवा घातला.
कॅम्पातून आणलेल्या कंपाउंडरने सुई भरली,
पाय मी धरला होता, दोन्ही हातांनी.
भाऊ, नंतर काही होणार नाही ना, त्याने विचारलं.
मी म्हणालो, आधी ही मॅच तर काढ.
काढली त्याने.
तो कप आता नौशादच्या फळीवर आहे.
त्यात व्हॉल्व्हच्या पिना असतात.

सकाळी मैदानावर गेलो. एली होताच,
प्लास्टिकच्या खुर्चीत, लेफ्ट बॅकला शिव्या घालत.
शेजारी बसून वही उघडली, ती ओळ दाखवली.
वाटलं होतं, त्याचे डोळे भरतील,
किंवा माझे तरी.
त्याने चष्मा कपाळावर सरकवला, वही जवळ धरली
आणि हसला.
पंचेचाळीस? अरे भाऊ,
कंपाउंडरने तर मला तीस सांगितले होते.

पंधरा रुपये.
मी आठवायचा प्रयत्न केला, करतोच आहे.
रिक्षाचे असतील. कंपाउंडरचा चहा असेल.
असतील ना?

तेवढ्यात बॉल घरंगळत आमच्याकडे आला.
त्याने बसल्या बसल्या डाव्या पायाने थांबवला,
तळव्याखाली क्षणभर धरला, मग दिला परत,
नेमका, न बघता.
उजवा पाय समोर सरळ पसरलेला,
कुणीतरी सांभाळायला ठेवून गेल्यासारखा.

पुढच्या मीटिंगचा कागद मी लिहायला घेतलाय.
विषय क्रमांक एक.
त्यापुढे अजून काही लिहिलेलं नाही.