दहा सेंट

शनिवारी मी पाच दुकानं हिंडते.
तेवढ्या वेळात सुपरमार्केटला दोन खेपा होतील,
असं लेक म्हणते, लिस्बनहून,
गाडी चालवता चालवता.

उतारावर आधी झुल्मिरा.
तिच्या फळीवर सार्डिन बर्फात पडलेल्या.
"आज नको नेऊस," ती कुजबुजते, "कालच्या आहेत,"
आणि मागच्या बाईला त्याच विकते
खड्या आवाजात.
हे तिचं प्रेम. ते कोणत्या मापाने मोजावं
मला कळलेलं नाही.

मग चर्चच्या पायरीवर अदोझिंदा:
दोन कोबी, अर्धी बादली बटाटे, मातीसकट.
काटा नाही. तिची ओंजळ म्हणजे किलो.
थंडीत बोटं आखडतात, किलोही आखडतो.
पाव तोमेकडे. त्याचा पाव कधी करपतो,
त्या दिवशी त्याच्याशी बोलायचं नसतं.
अंडी कुठून घेते ते सांगणार नाही,
त्या बाईकडे परवाना नाही.

शेवटी बेलार्मिनो.
साबण, कॉफी, खारवलेला मासा
यांचा मिळून त्याच्या दुकानात एकच वास,
माझ्या कोटालाही तोच.
तो छोले निळ्या कागदात बांधतो, दोरा दाताने तोडतो,
वहीत लिहितो.
खातं अजून अनिबालच्या नावावर आहे.
अनिबालला जाऊन सहा वर्षं झाली.
"नाव बदलायचं तर बाकी फेडावी लागेल,"
बेलार्मिनो म्हणतो, वर न बघता.
मीही आग्रह धरत नाही.

सुपरमार्केट हमरस्त्याला आहे,
जिथे आमची कॅनरी होती.
एकवीस वर्षं मी तिथे डब्यांत मासे रचले,
डोकं एकीकडे, शेपूट दुसरीकडे.
आता त्याच जमिनीवर परदेशी माशांचे डबे
दिव्यांखाली चमकतात.
पायरी चढणार नाही, म्हटलं होतं मी,
चारचौघांत, आणि जरा जास्तच मोठ्याने.

नोव्हेंबरात गुडघा सुजला.
पाच दुकानं म्हणजे पाच चढ.
तेव्हा गेले. रात्री, दुकान बंद व्हायच्या वेळेला,
डोक्याला रुमाल बांधून,
स्वतःच्याच घरात चोरी करायला निघाल्यासारखी.

साखरेच्या रांगेत बेलार्मिनो उभा होता.
ढकलगाडीत वीस पुडे,
प्रत्येकावर सवलतीची लाल चिकटी.
त्याने मला पाहिलं. मी त्याच्या बुटांकडे पाहिलं.
घाऊकवाल्याची गाडी आमच्या गल्लीत
उन्हाळ्यापासून शिरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.
त्यापुढचा विचार मी केला नव्हता.

गल्ल्यावरची पोरगी, नखं हिरवी, म्हणाली,
"एका माणसाला दहाच मिळतील."
तो काही बोलला नाही.
एकेक पुडा परत काढू लागला,
जसा दुकानात काट्यावरून जादाचा दाणा काढतो,
तसाच, घाई न करता.

"ते दहा माझे," मी म्हणाले.

बाहेर वाऱ्यात त्याने पैसे मोजून दिले,
मी मोजून घेतले.
मग चढावर दोघं, पिशव्यांच्या ओझ्याने वाकलेली.
अर्ध्या वाटेवर तो म्हणाला,
"गुडघ्याला गरम वाळूचा शेक दे."
एवढंच.

शनिवारी त्याच्याकडून साखर घेतली.
दहा सेंट जास्त.
कशाचे, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
चढाचे असतील.
अनिबालच्या नावाचे असतील.
किंवा नुसतेच नफ्याचे,
माणसाला नफाही लागतो.

घरी येऊन पुडा ओट्यावर ठेवला.
लाल चिकटी त्याने खरवडली होती,
पण एक कोपरा राहिला होता.
तो मी नखाने काढला, ओल्या फडक्याने पुसला.
रविवारी लेक येणार होती.