तिकिटात काय काय

फोनवर सगळे आधी तेच विचारतात,
डॉल्फिन दिसतील का, हे नंतर.
म्हणून मी एका दमात सांगून टाकते:

कोरजाईच्या धक्क्यावर आलात
की कोकम सरबत, एक ग्लास.
बाटलीतलं नाही. आमच्याच रातांब्यांचं,
सालीत साखर भरून उन्हात ठेवलेलं.
दुसरा ग्लास वीस रुपये.
बोट सुटली की घावणे, प्रत्येकी दोन,
चटणी मात्र लागेल तेवढी;
चटणीला माप लावायचं
माझ्या सासूनं मला शिकवलं नाही.

जेवणात भात, तिसऱ्यांचं सुकं,
आणि मासा.
कुठला, ते मला विचारू नका,
पहाटे भालूच्या जाळ्याला विचारा.
सुरमई हवी तर आदल्या दिवशी सांगायचं,
तिचे पैसे वेगळे.
शाकाहारी माणसाला काळ्या वाटाण्याची उसळ,
नीरफणसाचे काप.
तवा वेगळा आहे. विस्तव एकच.
सोलकढी दोनदा.
परतताना चहा, गवती पात घालून.

'आणि... ड्रिंक्स?'
असं आवाज खाली आणून विचारणाऱ्याला
मी शहाळ्याचा भाव सांगते.

मिरजेचे हळिंगळे आले होते माघात,
एसटीच्या भांडारात सारी नोकरी झालेली.
ही सगळी यादी कागदावर उतरवून आणलेली,
खिशाला निळं पेन.
घावणा आला, खूण. उसळ आली, खूण.
दुसरी सोलकढी वाढायला मला जरा उशीर झाला
तर पेन हवेतच धरून बसले.
जयवंती हसू दाबत
होडग्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

आदल्या दिवशी पुनव होऊन गेलेली.
निवतीच्या बाजूला डॉल्फिन बघण्यात
चार वाजले, पाणी ओसरत चाललेलं,
आणि संगमाजवळच्या वाळूत
बोट रुतली.
भालूनं बांबू टाकून बघितला, मग बांबूवरच हनुवटी टेकली.
'आता नवाक.'
पाहुण्यांना वाटलं नऊ मिनिटं.

सहाला बिस्किटं संपली.
सातला एक पोर रडायला लागलं
आणि त्याच्या बापाचा आवाज चढला.
चहाची पूड होती, दूध नव्हतं.
तिकिटातलं सगळं
पाहुण्यांच्या पोटात जाऊन जिरलेलं.

फळीखाली आमचं होतं ते मी काढलं,
उकड्या तांदळाचं गाठोडं,
खारातल्या कैऱ्या, फडक्यात बांधलेले सुके बांगडे.
जयवंती कानाशी लागली, 'ताटाक पन्नास लाव गो.'
खोटं कशाला बोलू, हिशेब मी केला:
अकरा पन्नासं साडेपाचशे.
मग पेज उकळायला लागली
आणि आकडा कुठे गेला कळलं नाही.

ताटल्या पुरल्या नाहीत. कोणी करवंटीतून प्यायले.
बाप गप्प झाला, काटा काढून पोराला बांगडा भरवू लागला.
हळिंगळ्यांनी कैरीबरोबर तीनदा पेज घेतली.
कंदिलाखाली कागद उघडून
वरपासून खालपर्यंत बघितलं,
पेज त्यात नव्हती.
'ह्याचे किती?'
'ही तिकिटात नाय,' मी म्हटलं, 'ही आमची.'
त्यांनी कागद उलटा केला,
कोऱ्या बाजूला 'पेज' लिहिलं,
खूण करायची की नाही
ते मात्र ठरेना त्यांचं.

साडेनऊला बोट हलली.
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अर्धे झोपले होते.

आता मिरजेहून फोन येतात,
सांगलीहूनही दोन आले:
तो रुतायचा कार्यक्रम नेमका कुठल्या तारखेला असतो?
भालू चिडतो. त्याच्या हाताला बोल लागतो त्यात.
पण परवा धक्क्यावरचा फलक रंगवायला काढला
तेव्हा सगळ्यात खाली
वीतभर जागा उरत होती,
पेंटरनं विचारलं, काय टाकू?

मी म्हटलं, लिही:
पेज. भरती चुकली तरच.