कुठं ठेवू

पेठ रस्ता सोडून आत वळलो, धोंडपाड्याला.
कॉलेज कुठंय विचारलं तर पोरगं म्हणालं,
"हेच की. आत्ता त्याच्यावरूनच गाडी आणली तुम्ही."
मागे पाहिलं:
वाटेत आडवी रोवलेली काळ्या दगडाची एक लांब पाठ.
मी तिला गतिरोधक समजलो होतो.

फाटक नाही. पाटी नाही.
द्राक्षं थंड करायची जुनी शेड, तिच्यात वर्ग.
गावित सर चहा गाळत म्हणाले,
"प्रवेशाला परीक्षा एकच. नदीतून पेलेल तो दगड आणायचा,
योग्य वाटेल तिथं ठेवायचा."
"नापास कोण होतं मग?"
"एकच झाला. त्यानं मला विचारलं, कुठं ठेवू."

मी एकतीस वर्षं नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात.
काम तपासणीचं.
शाई सरकली, कडा हलली, की ताव बाजूला.
सगळ्या सारख्या निघाल्या की दिवस बरा गेला.
माणूस निवृत्त होतो, डोळा होत नाही,
घरी पोळीचाही काठ तपासतो.

तर माळावर हिंडताना आपोआप खुणा करत गेलो.
बैल: पाय तीन, चौथ्या जागी मोटारीचा पाइप.
बाई: चेहराच नाही,
पण कमरेवरचा हंडा इतका घोटलेला
की त्यात ढग सरकताना दिसतो.
ठिबकच्या नळ्यांचा बगळा, पोटात
खऱ्या चिमणीचं घरटं, आणि खाली पडलेली घाण.
ताव बाजूला. ताव बाजूला.

यमुना भोये, तिसरं वर्ष,
एका शिळेला हातोडीनं हलकेच वाजवत होती.
आवाज बदलला की थांबायची, कान लावायची.
"इथं भेग आहे आत."
"मग दगड बदल ना."
"बदलून काय? सगळ्यांत असते.
ही मला सापडलीय."
आणि नेमकी तिथंच छिन्नी टेकवली.

मी जरा वेळ उगाच चष्मा पुसला.

निघता निघता दमणगंगेत उतरलो.
गुडघ्यांना परवडेल एवढा एक दगड,
एका बाजूनं शेवाळलेला, दुसरीकडून टवका गेलेला,
पोटाशी धरून चढ चढलो.
सर लांबून बघत होते.
प्रश्न ओठापर्यंत आला होता. गिळला.

बगळ्याची सावली संध्याकाळी जिथं संपते
तिथून वीतभर पुढं ठेवलाय.
मार्गशीर्षात पोचेल.